आधी कोरडं, मग कोंबडं

प्रिय पोरी,

पंचवीस पिल्लांतली अकरा श्रावणात गेली आणि आता तू विचारतेस, पुढच्या खेपेला कडकनाथ आणू का कावेरी, इन्क्युबेटर घेऊ का, की हा नादच सोडून देऊ. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आज देणार नाही. तुझी पिल्लं जातीपायी गेली नाहीत, ओलीपायी गेली. तूच लिहिलंयस: चौथा आठवडा, पंख पाडून कोपऱ्यात बसणं, विष्ठेला रक्त. ही रक्ती हगवण. आणि बेळगावजवळच्या जांबोटीकडच्या पावसात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, वर ताडपत्री गुंडाळून ठेवलेल्या खुराड्यात ती नाही होणार तर कुठे होणार?

आधी नीट समजून घे, म्हणजे पुन्हा जात विचारणार नाहीस. या रोगाच्या जंतूची सूक्ष्म अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. बाहेर पडतात तेव्हा ती निरुपद्रवी असतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग पिल्लानं टोचून खाल्ली की आतड्याचं अस्तर फोडतात. बल्बखाली ऊब तू दिलीस, पाण्याच्या भांड्याभोवती ओलही तूच दिलीस. औषध आहे, अ‍ॅम्प्रोलियम, पाण्यातून, पुडीवर लिहिलेल्या मापानं पाच दिवस. पण त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स अजिबात देऊ नको, कारण हे औषध जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही आणि तू वरून बी-१ घातलंस तर औषध वाया. आणि औषध चालू असताना खाली पसरलेलं भाताचं तूस ओलंच राहिलं तर सहाव्या दिवशी परत तेच. म्हणून म्हणतो, आधी कोरडं, मग कोंबडं.

खुराड्याचं बोलू. वीस पक्ष्यांना आठ फूट बाय सहा फूट पुरतं, रात्रीपुरती दर पक्ष्याला दोन चौरस फुटांहून थोडी जास्त जागा मिळते. पण लांबी-रुंदीच्या आधी जोत्याची उंची ठरव. आपल्याकडे जांभ्या दगडाचा चिरा मिळतो, त्याचे दोन थर दे, सव्वा ते दीड फूट जोतं होईल. वर सिमेंटचा कोबा घाल आणि दाराकडे सहा फुटांना इंचभर उतार दे. मातीची जमीन जून ते सप्टेंबर खालून ओल ओढते, वर कितीही तूस टाक. लांबट बाजू पूर्व-पश्चिम ठेव आणि पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण बंद कर, कारण पावसाचा मारा तिथूनच येतो. छपराला मंगळुरी कौल असो की पत्रा, पागोळी भिंतीपासून तीन फूट बाहेर पडली पाहिजे. फूटभर पागोळीवर भागवतात आणि मग झडीनं तूस भिजलं म्हणून देवाला दोष देतात.

उत्तर-दक्षिण बाजूंना खाली फूटभर भिंत आणि वर अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे चौकोनी वेल्ड केलेली जाळी. षटकोनी स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. घुशी जोत्याखाली पोखरतात, म्हणून जाळीची फूटभर झालर बाहेरच्या बाजूला जमिनीत पुर. जनावरांबद्दल एवढंच पुरे, परड्याच्या कडेला राहणाऱ्या तुझ्या आजीला ती तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

आता पडदा. पावसाळ्यात सगळे ताडपत्री वरून खाली सोडतात, खिडकीच्या पडद्यासारखी, आणि खालची कड वाऱ्यावर फडफडत राहते. उलट करायचं. पडदा खाली भिंतीला पक्का, वर दोरीनं ओढायचा आणि वरची फूटभर फट कायम उघडी. पक्ष्यांच्या श्वासातली वाफ आणि तुसातला अमोनिया वर जाऊन तिथून बाहेर पडतो, वारा पक्ष्यांच्या अंगावर येत नाही. थंडी वाजेल म्हणून तुझी आई ती फट बुजवेल. बुजवू देऊ नको. पिसं आलेल्या कोंबडीला कोरडी थंडी बाधत नाही, दमट ऊब बाधते.

तूस भाताच्या गिरणीतून आण, पण जानेवारी ते मार्चमध्ये. जुलैत गिरणीबाहेर पडलेलं तूस म्हणजे भिजलेला ढीग. आठ बाय सहाला चार इंच थर द्यायला तीन-चार पोती लागतात, तेवढीच आणखी माळ्यावर ठेव. भुसा किंवा उसाची चिपाडं वापरायचीच झाली तर बुरशी बघून, काळसर डाग दिसला की फेकून दे, तो डाग फुप्फुसात जातो. पावसाळ्यात एक दिवसाआड दाताळ्यानं तूस उलथव, ढेकळं झालेले गोळे उचलून बाहेर टाक. मूठभर घेऊन दाब: मूठ उघडल्यावर लाडू राहिला तर ओल आहे, सुटून पडलं तर ठीक. विरलेल्या चुन्याची भुकटी पातळ भुरभुरायला हरकत नाही, पण पक्षी बाहेर असतानाच, कारण चुना लागला की आधी अमोनियाचा भपका उठतो.

आणि वास उभ्यानं घेऊ नको. पहाटे, पडदे उघडायच्या आधी आत जा, गुडघ्यावर बस, तोंड कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला ने आणि तिथे चार-पाच श्वास घे. डोळ्यांत चुरचुरलं, घशाला खरखर आली, तर ती हवा तुझ्या पक्ष्यांनी रात्रभर घेतली आहे. उभ्या माणसाच्या नाकाला यातलं काही कळत नाही. कळल्यावर धूप जाळू नको, फिनेल शिंपडू नको. ओल शोध.

ओल शोधायला लांब जावं लागत नाही. दहापैकी नऊ वेळा ती पाण्याच्या भांड्याखाली सापडते. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी, पक्षी वाढतील तसा विटेचा थर वाढवत जा. भांडं तुसावर ठेवू नको, लाकडी चौकटीवर जाळी ठोकून तिच्यावर ठेव आणि चौकटीखाली खडी पसर. चोच लावली की थेंब सोडणाऱ्या निपलची बादली टांगलीस तर आणखी बरं, फक्त निपल ठिबकतो का ते रात्री हात लावून बघ. एका ठिबकणाऱ्या निपलनं आठवड्यात दोन चौरस फूट तूस चिखल होतं. कोरडं, पोरी, कोरडं. मी तेच तेच सांगतोय हे मला माहीत आहे.

खाद्याचंही तेच. ओला मका म्हणजे बुरशी आणि बुरशीचं विष लिव्हर खातं. डोळ्यांना दिसत नाही, फक्त अंडी कमी होतात आणि लस लागू पडत नाही. पोतं फळीवर, भिंतीपासून फूटभर दूर, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांचंच खाद्य आण. दिवसभर परड्यात चरणाऱ्या कोंबडीला रोज पन्नास-साठ ग्रॅम वरून पुरतं, बांधून ठेवलीस तर शंभर-एकशेवीस. अंड्यावर आलेल्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव, खाद्यात मिसळू नको, ज्यांना हवा त्या खातील. तलंगांना अंडी सुरू होईपर्यंत तो देऊच नको, मूत्रपिंडं खराब होतात.

लस मात्र कोरडेपणानं टळत नाही, हे मान्य करतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की कोरडं खुराडंही रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा परत, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या ते दहाव्यात मानमोडीचंच आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. बाटली बर्फातून आण, कालवल्यावर दोन तासांत संपव. जनावरांच्या दवाखान्यातलं पत्रक कानडीत असेल, शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घे, पण वाच.

घरातले म्हणतील, वीस कोंबड्यांसाठी हा बाबा कोबा घालायला लावतो, चिरे आणायला लावतो, हौसेला एवढं कशाला. मला हे तोंडावर ऐकवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या परड्यात दर पावसाळ्यात नवी पिल्लं येतात आणि दर दिवाळीला खुराडं रिकामं असतं, तो खर्च कुणी मांडत नाही. कोबा एकदाच घालायचा असतो. हौस आहे म्हणूनच म्हणतो. धंदेवाला मरतूक हिशेबात धरतो, तुला सकाळी उठून मेलेलं पिल्लू स्वतःच्या हातानं उचलावं लागतं. मला हे वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नाही, याची चुटपुट अजून आहे. म्हणून तुझ्याशी गोड बोलत बसत नाही.

आता जातीचं, कारण तू परत विचारशीलच. कडकनाथ झाबुआचा. त्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून त्याचा गवगवा झाला. तो मुलूख तुझ्यापेक्षा कितीतरी कमी पावसाचा आणि अंडीही तो कमीच देतो. बेंगळुरूला तयार झालेली गिरिराज किंवा हेसरघट्ट्याची कावेरी परड्यात चांगली राहते. पण दोन्ही सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत, तेव्हा दोन गावठी कोंबड्या सोबत ठेव. इन्क्युबेटरचं काम त्या वीज गेल्यावरही करतात, आणि तुझ्याकडे पावसात वीज किती वेळ असते ते मी तुला सांगायला नको.

पिल्लं दसऱ्यानंतर आण, मृगात नाही. ऑक्टोबरची पिल्लं मार्चच्या आसपास अंड्यावर येतात आणि पावसाला भेटतात ती पूर्ण पिसांनी. दसऱ्यानंतर बेळगावची रात्र गार होत जाते, तेव्हा पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब दे आणि पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी उतरव. वीस पिल्लांना साध्या पिवळ्या बल्बचे साठ वॅट पुरतात. एलईडीला ऊब नसते. थर्मामीटर नसला तरी चालेल, बल्बखाली गठ्ठा झाला तर बल्ब खाली घे, कडेला पळाली तर वर घे. शेगडी ठेवायची वेळ आलीच तर वरची फट उघडी असू दे, कोळशाचा धूर कोंडला की सकाळी एकही उठत नाही. पहिले तीन दिवस तुसावर गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात, गोणपाट घाल.

उद्यमबागच्या कारखान्यातल्या शिफ्टमधून तुला वेळ मिळत नाही हे माहीत आहे. एक दिवसाआड तूस उलथवायला दहा मिनिटं लागतात आणि ते काम आईवर ढकलू नको, तिला सांडपाण्याची बादली खुराड्याजवळ ओतायची सवय आहे असं तूच म्हणालीस.

लसीची बाटली शंभर मात्रांची येते, तेव्हा गल्लीतली आणखी तीन-चार घरं आत्ताच जमव, म्हणजे सगळ्यांची पिल्लं एकाच आठवड्यात येतील. आणि पिल्लांचे पैसे भरण्याआधी मला जोत्याची उंची, पागोळीचं माप आणि पश्चिमेच्या भिंतीचा फोटो पाठव. तोवर बुकिंग करू नको.

तुझे काका