छाती सोमवारीच का भरायची?

प्रश्न : आमचे आजोबा लालबागच्या गिरणीत कार्डिंग म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. सोमवारी पाळी अर्धी झाली की छाती आवळायची, धाप लागायची. शुक्रवारपर्यंत पुन्हा ठणठणीत. आजीला वाटायचं, रविवारी जास्त झाली असणार. पण आजोबा तर माळकरी! आता मामेभाऊ सूतगिरणीत लागलाय, तोही सोमवारचं कुरकुरतो. यावर कुणी अभ्यास केलाय का? (एक वाचक, परळ)

उत्तर : आजीला बोल लावू नका. आम्ही डॉक्टरही ‘ब्राँकायटिस, विडी सोडा’ लिहून मोकळे व्हायचो. उमेदवारीत मीही लिहिलंय, तेही विडी न ओढणाऱ्याला.

हा बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा छातीचा रोग. कापसात काडीकचरा असतो, त्यावरच्या जिवाणूंचं विष पिंजताना धुळीबरोबर उडतं. रोज धूळ खाल्ली की छाती थोडी सरावते. रविवारच्या सुटीत तो सराव मोडतो आणि सोमवारी पहिला तडाखा बसतो.

रोग्याला ‘काम काय करता?’ विचारा, असं इटलीच्या रामाझिनीने १७०० सालीच डॉक्टरांना बजावलं होतं. ‘कुठल्या वारी त्रास होतो?’ हा पुढचा प्रश्न १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत डॉक्टर रिचर्ड शिलिंगने धरून ठेवला आणि त्यावरून रोगाच्या पायऱ्या लावल्या: फक्त सोमवारी त्रास ती पहिली, इतर दिवशीही होऊ लागला की दुसरी.

मला मात्र सगळ्यात भावतो तो शांघायचा अभ्यास. १९८१मध्ये सुती गिरण्यांतले ४४७ आणि रेशमाच्या गिरण्यांतले ४७२ कामगार घेतले. शहर एकच, पण रेशमाच्या धुळीत हे विष नसतं. आणि नोकरी सुटली तरी माणसं सोडली नाहीत, पुढे तीसेक वर्षं त्यांची फुफ्फुसं मोजली. नाहीतर गिरणीत जाऊन तपासलं की धडधाकटच भेटतात. खंगलेला केव्हाच गावी गेलेला असतो. सुती कामगारांची फुफ्फुसं जास्त झिजलेली निघाली, पण धूळ सुटल्यावर काहीशी सावरलीही.

अमेरिकेने १९७८मध्ये सूतकताईसाठी घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम धुळीची मर्यादा घातली. मालक सुप्रीम कोर्टात गेले, १९८१मध्ये हरले.

मामेभावाला सांगा, नुसता एक्स-रे काढून निर्धास्त होऊ नकोस, त्यात हा रोग दिसत नाही. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीआधी आणि पाळी सुटल्यावर अशी दोनदा स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसं मोजायची चाचणी, करून घ्यायची. दुसऱ्या वेळी फुंकर कमी भरली, तर दोन्ही कागद घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जायचं आणि खातं कोणतं ते आपणहून सांगायचं.