वनस्पतीजन्य घटक भरलेले नॅनोतंतू जखमेवरच्या पट्टीत प्रतिजैविकांची जागा घेऊ शकतील का?

तुम्ही लिहिलंय की हळदीतलं कर्क्युमिन, ओव्यातलं थायमॉल किंवा लवंगेतलं युजेनॉल घातलेली नॅनोतंतूंची पट्टी ९९.९ टक्के जिवाणू मारते असं वाचलं, मग प्रतिजैविकांची गरज संपेल का? मी या प्रकारच्या तंतूंवर प्रयोगशाळेत काम केलं आहे. माझं उत्तर असं: पसरलेल्या संसर्गावर नाही. पण जखमेत संसर्ग होऊच नये, यासाठी हे तंतू फार कामाचे ठरू शकतात, आणि त्याचं श्रेय वनस्पतीइतकंच तंतूला जातं.

कारण मात्रेत आहे. एखादं चांगलं प्रतिजैविक दर मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असलं तरी जिवाणूंची वाढ थांबवतं. थायमॉल किंवा युजेनॉलला बहुतेक वेळा शेकडो मायक्रोग्रॅम लागतात. गोळी घेऊन रक्तात एवढी पातळी गाठता येत नाही. जखमेच्या पृष्ठभागावर मात्र गाठता येते, कारण तिथे घटक शरीरभर विरघळून जात नाही, थेट हव्या त्या जागी उतरतो.

हे तंतू बनतात इलेक्ट्रोस्पिनिंगने. पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा, प्लास्टिकसारखा पदार्थ) आणि वनस्पतीचा घटक एकाच द्रावणात मिसळून ते बारीक सुईतून सोडतात. सुई आणि समोरचा धातूचा पत्रा यांच्यात साधारण १० ते ३० किलोव्होल्टचा विद्युतदाब असतो. सुईच्या टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून धार सुटते, ती हवेत वळवळत बारीक होत जाते आणि द्रावक उडून गेल्यावर पत्र्यावर कोरडं जाळं साचतं. तंतूची जाडी काहीशे नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. इतक्या बारीक तंतूंना वजनाच्या मानाने प्रचंड पृष्ठभाग मिळतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तंतूत ते इतकं विखुरलेलं राहतं की हळूहळू बाहेर पडू शकतं.

अडचणही तिथेच आहे. बराचसा घटक तंतूच्या पृष्ठभागाशी साचतो आणि पहिल्या काही तासांतच सुटून जातो. मग दोन दिवसांनी पट्टीत काय उरलं? यावर उपाय म्हणून आत घटक आणि बाहेर निव्वळ पॉलिमरचं कवच असे दुपदरी तंतू काढतात. पॉलिमरची निवडही महत्त्वाची. पॉलिकॅप्रोलॅक्टोन शरीरात विघटित व्हायला दोन वर्षं किंवा जास्त घेतं, तर लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनवलेलं पीएलजीए योग्य प्रमाण ठेवलं तर एक-दोन महिन्यांत विरतं. त्वचेवरून काढून टाकायच्या पट्टीला याने फारसा फरक पडत नाही. शरीराच्या आत ठेवायच्या जाळीला खूप पडतो.

आता त्या ९९.९ टक्क्यांबद्दल. दहा लाख जिवाणूंपैकी तेवढे मेले तरी एक हजार उरतात, आणि अनुकूल परिस्थितीत ते काही तासांत पुन्हा दहा लाख होतात. शिवाय चाचणी कुठल्या जिवाणूवर झाली हे पाहा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस तुलनेने लवकर नमतो. स्यूडोमोनासला बाहेरचं जादा आवरण आहे आणि आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंपही आहेत. त्याच्यापुढे बरेच वनस्पतीजन्य घटक हतबल होतात. बशीतला मोकळा जिवाणू आणि जखमेवर चिकट थर करून बसलेला जिवाणू यांतही मोठा फरक आहे.

‘नैसर्गिक आहे म्हणजे सुरक्षित’ हे मला अजिबात पटत नाही. थायमॉल जिवाणूचं पटल फोडतं, आणि जास्त मात्रेत ते आपल्या त्वचेच्या पेशींनाही सोडत नाही. ज्या मात्रेला जिवाणू मरतात त्याच मात्रेला त्वचेच्या पेशी जगल्या का, हे दाखवलेलं नसेल तर तो निष्कर्ष अर्धवट आहे.

मला स्वतःला सर्वांत आशादायक वाटते ती जोडीची कल्पना. दारुहळदीच्या जातकुळीतल्या झुडपांत बर्बेरिन असतं. स्टॅफिलोकॉकस ते पंपाने बाहेर टाकतो, म्हणून एकटं बर्बेरिन दुबळं पडतं. पण २००० साली संशोधकांनी दाखवलं की याच झुडपांत तो पंप अडवणारा दुसरा घटकही असतो आणि दोन्ही मिळून परिणाम कितीतरी वाढतो. वनस्पतीचे घटक असे मदतनीस म्हणून आणि प्रतिजैविक कमी मात्रेत, दोन्ही एकाच तंतूत, हा मार्ग मला खरा वाटतो.

प्रयोगशाळेतून बाहेर पडताना आणखी एक अडथळा येतो, ज्याबद्दल फार कमी लिहिलं जातं: निर्जंतुकीकरण. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राचं, तापमान १२१ अंश सेल्सिअस, आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन साधारण ६० अंशांनाच वितळतं. इथिलीन ऑक्साइड वायू वापरला तर त्यात निर्वात करताना थायमॉलसारखे उडणारे घटक निघून जाऊ शकतात. गॅमा किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. त्यामुळे असा दावा पुन्हा वाचनात आला, तर आकडे निर्जंतुकीकरणाआधीचे आहेत की नंतरचे, हे आधी शोधा.