रॉकेटचा नाद लागलाय, तर आधी एवढंच कर

लघुग्रह कसा वळवतात, घरी रॉकेट कसं करायचं आणि घरच्या इन्व्हर्टरला बॅटरी कोणती घ्यायची, हे तुझे प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं. पण सगळं एकदम धरू नकोस.

लघुग्रह वळवण्याचं एकच उदाहरण पक्कं कर: नासाचं डार्ट यान. सप्टेंबर २०२२ मध्ये हे यान सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगानं डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळलं. डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची डायमॉर्फसची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती साधारण ३३ मिनिटांनी घटली. नवखे इथंच चुकतात, त्यांना वाटतं दगड फोडायचा असतो. नाही रे, जरासा ढकलायचा, तोही कित्येक वर्षं आधी. उडालेल्या धुरळ्यानं धक्का कसा वाढला, ते नंतर बघू.

आता तुझं रॉकेट. घरात फटाक्यांची दारू भरून रॉकेट अजिबात करायचं नाही. त्यापेक्षा पाण्याचं रॉकेट कर: दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप आणि मोकळं रान. बाटली काठोकाठ भरलीस तर हवेला जागाच उरत नाही. आणि पंप मारताना बाटलीवर वाकू नकोस.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं विचारलंस:
- १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. आधी पंखे-दिव्यांच्या वॉटची बेरीज कर, मग दुकानात जा.
- सांगलीत राहतोस, तर ती उंच फळीवर ठेव. २०१९ च्या पुरात आमची जमिनीवरची बॅटरी पहिल्याच रात्री पाण्याखाली गेली.

बाटली उडाली की कळव.