शेअर्ड बफर्सला हात लावण्याआधी

अरे, पोस्टग्रेस डेटाबेस हळू चालतंय म्हणून लगेच शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायला त्याला दिलेली मेमरी) वाढवायला धावू नकोस. मूळचे १२८ एमबी कमीच आहेत, ते वाढवशील नंतर. आधी रडणारी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) पकड आणि तिच्यापुढे एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ, बफर्स लावून चालव, म्हणजे पोस्टग्रेस ती कशी चालवतं त्याचा प्लॅन दिसेल. एक सांगून ठेवतो, यात क्वेरी खरोखर चालते. डिलीट किंवा अपडेट तपासायचं असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच घाल, म्हणजे बदल मागे घेतले जातील. मी एकदा हे विसरलो होतो. ती रात्र बॅकअप चाळण्यात गेली.

प्लॅनमध्ये कॉस्टचे (अंदाजे खर्चाचे) आकडे सोड, अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी ठेवून बघ. अंदाज १२ चा आणि आल्या ४ लाख, तर प्लॅनरने (प्लॅन ठरवणारा भाग) नेस्टेड लूप, म्हणजे थोड्या ओळींनाच परवडणारी जोडणी, निवडला यात त्याची काय चूक? त्याच्याकडची आकडेवारी शिळी असणार. त्या टेबलावर अ‍ॅनालाइझ चालव (ही वेगळी कमांड, आकडेवारी ताजी करते), बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

नाहीच भागलं तर मेलेल्या ओळी मोज. अपडेट झालं की जुनी ओळ टेबलातच पडून राहते, ती व्हॅक्यूम झाडतो. पण ते आपोआप करणारा ऑटोव्हॅक्यूम मूळ सेटिंगवर २० टक्के अधिक ५० ओळी मेल्याशिवाय जागचा हलत नाही. १ कोटीच्या टेबलात म्हणजे २० लाखांचा कचरा! अशा टेबलापुरतं ते प्रमाण ०.०२ (म्हणजे २ टक्के) कर. आणि व्हॅक्यूम होऊनही कचरा हटत नसेल, तर कोणीतरी सकाळपासून ट्रान्झॅक्शन (बिगिन करून न संपवलेलं काम) उघडं टाकून चहाला गेलंय का, ते बघ; त्याला जुन्या ओळी लागू शकतात म्हणून व्हॅक्यूम त्या झाडत नाही.