स्थलांतर कायद्याच्या नव्या वकिलासाठी

तुम्ही स्वतः स्थलांतरित कुटुंबातून आला आहात, त्यामुळे पहिल्याच भेटीत आपली कहाणी अशिलाला सांगावीशी वाटेल. ती जरूर सांगा, पण दोन वाक्यांत आटोपा, कारण समोरचा माणूस स्वतःचे सांगायला आलेला असतो. मदतीची तळमळ कागद बारकाईने वाचण्यात उतरू द्या. अमेरिकेत आश्रयाचा अर्ज साधारणपणे देशात आल्यापासून 1 वर्षाच्या आत करावा लागतो आणि हद्दपारीच्या प्रकरणात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. म्हणून पासपोर्टवरील प्रवेशाचा शिक्का आणि अशिलाने सांगितलेली तारीख जुळते का, हे पहिल्याच दिवशी ताडून पाहा. आश्रय मिळण्यासाठी नुसता छळ झाला एवढे पुरत नाही. तो वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व यांपैकी एखाद्या कारणाने झाला, हे दाखवावे लागते. नेमके इथेच घरचा अनुभव आड येतो: आपल्या वडिलांनी जे सोसले तेच यानेही सोसले असणार, असे गृहीत धरून आपण प्रश्न अर्ध्यावर सोडतो (माझ्या मते हा धोका अननुभवापेक्षाही मोठा आहे). प्रकरण कमकुवत असेल तर फी ठरवण्यापूर्वीच तसे स्पष्ट सांगा, आणि दुभाषी म्हणून अशिलाच्या नातेवाइकाला बसवू नका, कारण घरच्या माणसासमोर काही गोष्टी तोंडातून निघतच नाहीत.