सीतेची वेणी या ऑर्किडच्या शेंगेतलं बी ग्रीनहाऊसमध्ये नारळाच्या सोडणावर भुरभुरलं, वर्षभरात काहीच उगवलं नाही. काय चुकलं?

तुमचं पाणी-बिणी काही चुकलेलं नाही. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ, फुंकर मारली तर उडेल. त्यात शिदोरीच नसते. रानात झाडाच्या सालीवरची विशिष्ट बुरशी त्याला भरवते. 1922 मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळाच्या जेलीवर) बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून हाच रस्ता. न फुटलेली हिरवी शेंग बाहेरून निर्जंतुक करून टिश्यू कल्चर लॅबमध्ये (निर्जंतुक बाटलीत रोपं वाढवतात तिथे) द्या. घरच्या प्रेशर कुकरमध्ये अगारच्या बाटल्या निर्जंतुक करूनही जमतं, पण निम्म्या बाटल्यांना बुरा येतो! आधी मोहरीएवढे हिरवे गोळे दिसतात, पानं-मुळं मागाहून. ग्रीनहाऊसचं काम बाटलीतून रोपं काढल्यावर. फुलाला मात्र काही वर्षं थांबावं लागेल.