ते तीस शब्द आधी बंद करा

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, सोबत डच शिकते. क्लासच्या चाचणीत 40 पैकी 19 मिळाले. मी रोज रात्री तीस लांबलचक शब्द पाठ करून घेतो, चुकली तर आजीसमोर मार्क वाचून दाखवतो. डच सोडून जर्मन लावू का? – एक वडील, नाशिक

उत्तर : मला 19 मार्कांची काळजी वाटली नाही, आजीसमोर मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलीची वाटली. ते आजपासून बंद करा. चुकायची धास्ती बसलेली मुलगी परक्या भाषेत तोंडच उघडत नाही.

लांब शब्द पाठच करावे लागतात, हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. डच लोक नामाला नाम जोडून रोज नवे शब्द करतात. पाठ करून ते संपणार कसे? आपल्या समासासारखंच आहे हे. देव पुल्लिंगी, घर नपुंसकलिंगी आणि आपण म्हणतो 'ते देवघर', कारण लिंग शेवटच्या पदाचं. डचमध्ये नपुंसकलिंगी नामाआधी 'हेट' लागतं, बाकीच्यांआधी 'द' : पुस्तक 'हेट बूक', कपाट 'द कास्ट' आणि पुस्तकांचं कपाट 'द बूकेनकास्ट'. मधला 'एन' हा सांधा. कुठे तिथे 'एस' येतो, कुठे काहीच येत नाही. तो वाचून वाचून अंगवळणी पडतो.

तुम्ही पाठवलेली उत्तरपत्रिका नीट पाहिली. 'आव्होंडएटेन', म्हणजे रात्रीचं जेवण, तिने अक्षरं पाडताना 'आ-व्होन-डे-टेन' असं तोडलं. स्वराच्या लगेच आधीचं व्यंजन त्या स्वराबरोबर पुढच्या अक्षराला द्यायचं, हा नियम तिने चोख लावला. फक्त जोडशब्द आधी सांध्यावर तोडायचा असतो : आव्होंड म्हणजे संध्याकाळ, एटेन म्हणजे जेवण. पाच मिनिटांत समजेल अशी चूक आहे.

आणि तो उत्तरपत्रिकेच्या कडेच्या कोऱ्या जागेतला मजकूर तुम्ही पाहिलात का? 'व्हालकौल' या शब्दाखाली तिने पेन्सिलने एक खड्डा काढलाय आणि एक घुबड. 'व्हाल-कौल' तोडला तर सापळ्याचा खड्डा, 'व्हाल्क-औल' तोडला तर ससाणा-घुबड! हे तिला कुणी पाठ करायला लावलेलं नाही.

जर्मनचा विचार सोडा, तिथेही असेच जोडशब्द आहेत. परदेशातूनही देता येणारी सीएनएव्हीटी ही डच भाषेची परीक्षा बारावीनंतर पाहू. पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानात एम.ए. करता येतं, हे तिच्या कानावर घाला. कुठे जायचं ते तिलाच ठरवू द्या.

या रविवारी वही बाजूला ठेवून तिला त्या घुबडाबद्दल विचारा.